पाच अक्षरं, शेवटी ओ-यू-जी-एच: आठ शब्द, पाच उच्चार

शब्दकण

परवा भाचीकडून इंग्रजीचा धडा मोठ्याने वाचून घेत होते. सातवीत आहे ती. सी-ओ-यू-जी-एच हा शब्द आला. तिने न अडखळता 'कफ' वाचलं आणि पुढच्या ओळीवर गेली. थांबवलं तर म्हणाली, "मावशी, खोकला म्हणजे कफच ना?" तिचं नेमकं काय चुकलं हे मला सांगता येईना. रफ आणि टफ हे शब्द ती मराठीतच बोलते, रफ वही तर रोज दप्तरात असते. आर किंवा टीच्या जागी सी ठेवला की 'कफ' व्हायलाच हवं, आणि अर्थही जवळपास जुळतोय. "तो कॉफ असतो, तसंच असतं ते," एवढं बोलून मी पान उलटलं. ते उत्तर माझं मलाच पटलं नव्हतं.

रात्री शब्दकोश घेऊन बसले. पाचच अक्षरं, आणि शेवटची चार ओ-यू-जी-एच, एवढी अट ठेवली. आठ शब्द मिळाले. रफ, टफ आणि कॉफ ओळखीचे. डीने सुरू होणारा 'डो', म्हणजे मळलेला गोळा. बीने सुरू होणारा 'बाउ', म्हणजे झाडाची मोठी फांदी. उरलेले तीन मला नवेच होते. एच लावला की 'हॉक', जनावराच्या मागच्या पायाचा सांधा. एल लावला की आयर्लंडमधलं सरोवर, उच्चार 'लॉक' किंवा तिथल्या लोकांच्या तोंडी 'लॉख'. एस लावला की झाडांतून वाहणाऱ्या वाऱ्याचा आवाज. त्याला कोणी 'साउ' म्हणतं, कोणी 'सफ'.

म्हणजे फक्त पहिलं अक्षर बदलतंय आणि शेवट अफ, ऑफ, ओ, आउ, ऑक असा पाच तऱ्हांनी होतोय. यामागे काही कारण आहे का? 'इंग्रजी वेडीच भाषा आहे' हे उत्तर नको आहे. मुलीला सांगता येईल असं काही असलं तर सांगा.

चौकटप्रेमी

कारण जाणकार सांगतील. मी खेळातलं सांगतो, कारण ही आठ शब्दांची टोळी शब्दखेळ खेळणाऱ्यांना चांगली ठाऊक असते.

स्क्रॅबल म्हणजे अक्षरांच्या टाइल पटावर लावून शब्द करायचा खेळ. त्यात ओ आणि यूला एकेक गुण, जीला दोन, एचला चार. म्हणजे शेपटीचेच आठ गुण झाले. रफ, टफ, लॉक, साउ यांचे नऊ, डोचे दहा, कॉफ आणि बाउचे अकरा. सगळ्यांत वर 'हॉक', बारा गुण. पण त्याला दोन एच लागतात आणि इंग्रजी संचात एचच्या टाइल दोनच असतात, त्यामुळे कुठल्याही अक्षराच्या जागी चालणारी कोरी टाइल हाताशी नसेल तर तो सहसा लागत नाही.

खरी मजा पुढे अक्षर जोडण्यात आहे. पटावर एल-ओ-यू-जी-एच आहे आणि पुढची जागा मोकळी आहे असं समजा. पी लावा, 'प्लाउ' म्हणजे नांगर. एस लावा, 'स्लाउ' म्हणजे दलदल. सी लावा, 'क्लफ' म्हणजे अरुंद घळ. एच-ओ-यू-जी-एचला टी लावला की 'दो', सी लावला की 'चफ' हा लाल चोचीचा कावळ्याच्या कुळातला पक्षी. आर-ओ-यू-जी-एचला टी लावला की 'ट्रॉफ', गुरांना पाणी पाजायचं लांबट भांडं. अक्षर एक वाढतं आणि उच्चार पार दुसरीकडे जातो.

वर्डलमध्ये, म्हणजे पाच अक्षरांचा लपलेला शब्द सहा संधींत ओळखायच्या खेळात, हीच टोळी घात करते. तिथे शब्दात असलेल्या अक्षराला रंग येतो, जागाही बरोबर असेल तर हिरवा. शेवटची चार अक्षरं हिरवी झाली म्हणून माणूस खूश होतो, मग रफ, टफ, कॉफ, डो, बाउ असं एकेक टाकत सहा संधी संपवतो. त्याऐवजी तिथे बी-आर-ए-सी-टी टाकायचं. 'ब्रॅक्ट', म्हणजे फुलाच्या बुडाशी असणारं पान. बी, आर, सी, टी यांपैकी ज्याला रंग येईल ते पहिलं अक्षर. एकालाही रंग आला नाही तर बहुधा डो, कारण उरलेले तीन शब्द फारच विरळ आहेत. एका चालीत निकाल लागतो. हार्ड मोडमध्ये मात्र ही चाल चालत नाही, तिथे मिळालेली अक्षरं पुन्हा वापरावीच लागतात.

कुतूहल

स्लाउ वाचून आठवलं. तोच एस-एल-ओ-यू-जी-एच 'स्लफ' असाही वाचतात, तेव्हा अर्थ सापाची कात किंवा कात टाकणं. स्पेलिंग तेच, शब्द दोन, उगम वेगळे. वाक्य पूर्ण वाचल्याशिवाय तोंड उघडताच येत नाही.

व्युत्पत्ती

धागा वर आणल्याबद्दल आभार. हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

जी-एच हे मुळात एका आवाजाचं चिन्ह आहे, आणि तो आवाज आजच्या प्रमाण इंग्रजीत उरलेला नाही. उर्दू बोलणारे 'ख़बर' म्हणताना घशातून जो घासलेला ख़ काढतात, जवळपास तो. जुन्या इंग्रजीत हा आवाज सर्रास होता आणि तेव्हा तो नुसत्या एचने लिहीत. रात्रीला 'निख्त', खरखरीतला 'रूख़'. १०६६ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, पुढे लिखाणाची सूत्रं फ्रेंच वळणाच्या लेखनिकांकडे गेली. त्यांना एकटा एच पुरेसा वाटेना, आणि हळूहळू या आवाजासाठी जी-एच ही जोडी रुळली. म्हणजे ही दोन अक्षरं आली तेव्हा मुकी नव्हती. लिहिलेलं सगळं उच्चारलं जात होतं.

याची साक्ष आजही शेजारच्या भाषांत ऐकू येते. जर्मनमध्ये रात्र 'नाख्त', आठ 'आख्त', मुलगी 'टॉख्टर', हसणं 'लाखेन'. इंग्रजीत त्याच शब्दांचे नाइट, एट, डॉटर, लाफ झाले. चारही स्पेलिंगांत जी-एच आहे, आणि जिथे जी-एच आहे नेमका तिथेच जर्मन ख़ आहे. स्कॉटलंडच्या बोलीत अजून 'निख्त' म्हणतात.

शब्दकण, तुमच्या यादीतला 'लॉक' या दृष्टीने वेगळा आहे. तो केल्टिक भाषांतून आलेला, स्कॉटलंडच्या लॉख नेस या सरोवराच्या नावातला 'लॉख' तोच. त्या भाषेत शेवटी ख़ होता, तो दाखवायला इंग्रजीतलं जी-एच वापरलं. बाकीच्या शब्दांतून तो आवाज गेला. इथे तिथल्या माणसाच्या तोंडी तो अजून जिवंत आहे.

शब्दकण

हे ऐकून बरं वाटलं. पण मग आवाज गेला तर सगळ्यांतून सारखाच जायला हवा होता ना? डोमधून तो नुसताच गेला, रफमध्ये मात्र त्याचा फ झाला. असं दोन वाटांनी का?

व्युत्पत्ती

एक प्रयोग करा, आत्ता, बसल्या जागी. घशातून ख़ काढा आणि लांबवा. तो चालू असतानाच ऊ म्हणताना करतो तसा ओठांचा चंबू करा. आता घशातला जोर हळूहळू कमी करत जा. वारा ओठांवर घासायला लागेल आणि ऐकणाऱ्याला फ ऐकू येईल. रफ, टफ, इनफ, कॉफ, लाफ या सगळ्यांत ख़च्या आधी ऊसारखा गोल आवाज होता. काही भागांतल्या लोकांनी तो घर्षणाचा आवाज घशातून ओठांवर आणून टिकवला, काहींनी सोडूनच दिला. नाइट, लाइटमध्ये आधी ई होता, ओठ गोल होण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून तिथे फ कधीच येत नाही.

हे बदल एका दिवसात झाले नाहीत आणि सगळीकडे सारखेही झाले नाहीत. एकाच शब्दाचे दोन्ही उच्चार वेगवेगळ्या प्रांतांत चालू होते. लंडनमध्ये चारही दिशांची माणसं येऊन राहिली. कुठल्या शब्दाचा कुठला उच्चार तिथे रुळला, याला नियम नाही. डोचा फवाला उच्चार उत्तर इंग्लंडमध्ये होताच: 'डफ'. तो पुढे डी-यू-एफ-एफ असा वेगळा लिहिला गेला आणि उकडलेल्या एका गोड पदार्थाचं नाव म्हणून आजही कोशात आहे. इनफचंही तेच. त्याचं 'इनाउ' हे बिनफचं रूप जुन्या कवितांत भेटतं. म्हणजे तुमच्या भाचीने उद्या डी-ओ-यू-जी-एचला 'डफ' म्हटलं, तर तो आजच्या हिशेबाने चुकीचा उच्चार असेल, पण काही पिढ्यांपूर्वी खरी माणसं तसं खरंच बोलत होती.

या सगळ्या धामधुमीच्या काळात छपाई आली. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. स्पेलिंगं हळूहळू पक्की होत गेली, तोंडातले स्वर मात्र त्यानंतरही दोनेक शतकं बदलत राहिले. कागदावर पंधराव्या शतकाच्या आसपासचं इंग्रजी, कानावर नंतरचं. तुमचे आठ शब्द त्या फटीत अडकलेले आहेत.

कॉफबद्दल एक राहिलं. तो आवाजावरून आलेला शब्द आहे, खोकताना घशातून जो ख़ निघतो त्याची नक्कल. आज तो फने संपतो, त्यामुळे नक्कल लक्षात येत नाही. आपल्या 'खोकला'मध्ये ख अजून शाबूत आहे.

शाळेतल्या बाई

व्युत्पत्ती, तुमचं सगळं वाचलं आणि आवडलं. पण मी वीस वर्षं मुलांना वाचायला शिकवते. पन्नास मुलांच्या वर्गात नॉर्मन लोकांपासून सुरुवात करता येत नाही. मुलाला आधी हाताशी धरायला काहीतरी द्यावं लागतं.

मी शेवटी टी आहे का, तिथून सुरू करते. ओ-यू-जी-एच-टी दिसलं की जी-एच विसरायचं आणि 'ऑट' म्हणायचं. ऑट, बॉट, फॉट, सॉट, नॉट, थॉट, ब्रॉट, सगळे शिस्तीत बसतात. अपवाद एकच रोजचा, 'ड्राउट' म्हणजे दुष्काळ. आय-जी-एच-टीही तसंच: आयच्या आधी ए किंवा ई नसेल तर डोळे मिटून 'आइट'. ए किंवा ई आला की थांबायचं, कारण स्ट्रेट, एट, वेट, फ्रेट एकीकडे आणि हाइट दुसरीकडे. या दोन गोष्टी पक्क्या झाल्या की मुलांची निम्मी भीती जाते.

टी नसलेले शब्द पाठच करावे लागतात, पण सुटे नाही. मी जोड्या लावते. रफ-टफ-इनफ एका दमात म्हणायचे. कॉफ-ट्रॉफ दुसऱ्या. बाउ-प्लाउ तिसऱ्या. डो-दो चौथ्या. थ्रू एकटा, त्याला जोडीदार नाही.

आणि एक जोडी मी फळ्यावर मुद्दाम मोठी लिहिते: डॉटर आणि लाफ्टर. दोन्ही आठ अक्षरांचे, पहिलं अक्षर सोडलं तर बाकी सात अक्षरं त्याच क्रमाने तीच. एक 'डॉ' आणि दुसरा 'लाफ'. एका मुलाने वर्गात 'डाफ्टर' वाचलं आणि सगळे हसले. तो मुलगा नंतर महिनाभर वाचायला उभा राहिला नाही. माझी चूक होती. शब्द फळ्यावर येण्याआधीच मी सांगायला हवं होतं की इथे भलेभले अडखळतात. तेव्हापासून आधी सांगते.

कुतूहल

जी-ओ-टी-आयच्या मध्ये एच घालून होणाऱ्या त्या शब्दाचं इथे कोणी काही बोललं नाही! जी-एच-ओ-टी-आय, उच्चार म्हणे 'फिश'. रफमधला जी-एच म्हणून फ, विमेनमधला ओ म्हणून इ, नेशनमधला टी-आय म्हणून श. नाटककार बर्नार्ड शॉच्या नावावर खपवतात, पण १८५५ सालच्या एका पत्रातच तो सापडतो. शॉचा जन्म १८५६ चा.

शाळेतल्या बाई

कुतूहल, मुलांना तो फार आवडतो, पण मी लगेच पुढचं वाक्यही सांगते. जी-एच शब्दाच्या सुरुवातीला आला तर फ कधीच होत नाही. गोस्ट, गेटो, घूल असा ग किंवा घच वाचतात. फ होतो तो ए-यू किंवा ओ-यूच्या मागे आला तरच. टी-आयचा श व्हायला पुढे स्वर लागतो. म्हणजे इंग्रजी वाचणारा कोणीही त्याला 'फिश' वाचणार नाही. जागेला नियम आहेत, तेच तर शिकवायचं असतं.

अनुस्वार

आपल्याकडेही असं झालेलं आहे. जुनी मराठी पुस्तकं काढून बघा, 'नांव', 'कांहीं', 'घरांत' असे अनुस्वार डोक्यावर दिसतील. एके काळी तिथे नाकातला उच्चार होता किंवा व्याकरणातलं काही दाखवायचं होतं. उच्चार गेला, टिंब राहिलं. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते काढलं. इंग्रजीला असा निर्णय घेणारी कुठली संस्थाच नाही. अमेरिकेत कोशकार नोआ वेबस्टरने जोर लावला, तिथे प्लाउ पी-एल-ओ-डब्ल्यू असा लिहू लागले, पण रफ, टफ, कॉफ तसेच राहिले.

माझं मत विचाराल तर जी-एच काढू नये. बाउमधून काढा, तो वाकून नमस्कार करण्याच्या 'बाउ'सारखा दिसेल. डोमधून काढा, हरिणीच्या 'डो'शी गल्लत होईल. राइट, साइट, माइट या प्रत्येकाचा त्याच उच्चाराचा बिनजी-एचचा जुळा आहे. कानाला जे वेगळं करता येत नाही ते डोळ्याला करता येतं. आपण टिंबं काढली तेव्हा असं फारसं काही बिघडलं नाही, इथे बिघडेल.

व्युत्पत्ती

अनुस्वार, जी-एच ठेवण्याचं माझं कारण वेगळं आहे, आणि ते आपल्या घरचं आहे. शब्दकण, तुमच्या आठांपैकी दोन शब्द आपले नातेवाईक आहेत.

बाउ म्हणजे फांदी. जुन्या इंग्रजीत याच शब्दाचा अर्थ खांदा, हात असाही होता. झाडाचा हात ती फांदी. संस्कृतात त्याचं भावंड 'बाहु'. बाउ आणि बाहू, एकापाठोपाठ म्हणून बघा. हा योगायोग नाही, दोघांचं मूळ एकच धरतात, आणि मूळच्या एका 'घ'सारख्या आवाजाचा आपल्याकडे ह झाला तर तिकडे जी-एच. बाउमधलं मुकं जी-एच जिथे उभं आहे, तिथेच आपला ह आहे.

डोचंही तसंच. मळणं, लिंपणं, आकार देणं असा त्याचा मूळ धातू. त्याच धातूपासून संस्कृतात 'देह' आला, म्हणजे घडवलेली वस्तू. पुन्हा जी-एचच्या जागी ह. आणि बाईंच्या फळ्यावरची डॉटर म्हणजे 'दुहिता'. तिथेही ह.

नाइट आणि एटची वाट थोडी निराळी. नाइटचा भाऊबंद संस्कृत 'नक्तम्', एटचा 'अष्ट'. इथे मूळचा आवाज क होता, जर्मन कुळात त्याचा ख़ झाला. याकोब ग्रिमने १८२२ मध्ये असे बदल नियमात बसवून दाखवले. परीकथा जमवणाऱ्या दोघा भावांपैकी थोरला तो.

कफचं मात्र तसं नाही. संस्कृत कफ आणि इंग्रजी कॉफ यांचं काही नातं नाही, अर्थ शेजारी आले एवढंच. हेही भाचीला नक्की सांगा. सारखं दिसणारं सगळं सगोत्र नसतं, आणि बाउ-बाहूसारखं नातं कान किती जुळतात यावर ठरत नाही, किती शब्दांत तोच बदल त्याच जागी सापडतो यावर ठरतं.

चौकटप्रेमी

बाउ-बाहू वाचून उठून येरझारा घातल्या. पंधरा वर्षं हा शब्द अकरा गुणांसाठी लावतोय.

शब्दकण

आज भाची आली होती. सगळं सांगितलं नाही, झेपेल तेवढंच. आधी ख़ काढून ओठांचा चंबू करायचा प्रयोग केला. तिला तो इतका आवडला की दहा मिनिटं दोघी ख़ ख़ करत बसलो, शेवटी आईने आतून विचारलं, पाणी आणू का म्हणून. मग कॉफ कुठून आला ते सांगितलं. "म्हणजे खोकल्याचा आवाज त्यांनी लिहून ठेवला होता," ती म्हणाली. मला इतक्या थोड्या शब्दांत सांगता आलं नसतं.

बाउ वाचताना तिने आपोआप हात पसरले. डो आणि देहवर थोडी थबकली, मग म्हणाली, "मातीचं माणूस करतात तसं." बाईंच्या जोड्या रफ वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतल्या आहेत. कफ-कॉफवर तिने स्वतःच काट मारली आणि शेजारी 'नातं नाही' असं लिहिलं.

जाताना दारातून परत आली. एच-आय-जी-एच, 'हाय', उंच. त्यातही जी-एच आहे, मग त्याचा आपल्याकडचा भाऊ कोण? मी म्हटलं, विचारून सांगते. व्युत्पत्ती, हे तुमच्याकडे.